मुलाची कैफियत

पॅरिस येथे १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर तेओदोर सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीचे मापन करण्यासाठी जी पहिली श्रेणी सिद्ध केली, तिच्यात एकंदर तीस कसोट्या होत्या. आणि त्यांपैकी आरंभीच्या एका कसोटीचे सारे साहित्य म्हणजे चॉकलेटची एक वडी व तिच्याच आकाराचा लाकडाचा एक तुकडा एवढेच होते. ही दोन्ही मुलासमोर ठेवावयाची आणि खाण्याजोगी वस्तू कोणती हे त्याला नुसते पाहून उमगते की नाही, याची नोंद करावयाची. पुढच्या कसोटीत खाऊ कागदात गुंडाळून द्यावयाचा, आणि मूल कागद सोडवून मग तो तोंडात घालते की कागदासकट चावू लागते, हे टिपावयाचे. ज्या शास्त्राच्या नावाने पुढे असंख्य आईबापांची झोप उडाली, त्याचा श्रीगणेशा अशा एका खाऊच्या वडीने झाला, ही गोष्ट मला तरी फार बोलकी वाटते. कारण बिने यांना मुलाची प्रतवारी करावयाची नव्हती, मूल आज कोठवर आले आहे हे पाहावयाचे होते.

मागणी सरकारची होती. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर, पूर्वी ज्यांनी शाळेची पायरीही चढली नसती अशी हजारो मुले वर्गात येऊन बसली, आणि त्यांतल्या काहींना इतरांच्या बरोबरीने पुढे जाता येत नाही हे मास्तरांच्या ध्यानात आले. अशा मुलांसाठी निराळे वर्ग काढावे हा विचार चांगलाच होता. परंतु त्या वर्गात कोणाला धाडावयाचे हे ठरवावे कोणी? मास्तरांच्या हाती हा अधिकार दिला तर व्रात्य पोरांची ब्याद टाळण्याची ही आयती सोय होणार, आणि डॉक्टरांच्या हाती दिला तर एकाच मुलाला एका रुग्णालयाच्या दाखल्यात एक निदान व दुसऱ्या रुग्णालयाच्या दाखल्यात भलतेच निदान, असा प्रकार होणार. हे दाखले बिने यांनी प्रत्यक्ष ताडून पाहिले होते, आणि त्यांतील विसंगतीवर त्यांनी सडकून टीका केली आहे. शिक्षणखात्याने १९०४ साली नेमलेल्या मंडळावर ते स्वतः सभासद होते. रीतसर तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून हलवू नये, हा त्या मंडळाच्या विचाराचा गाभा होता. म्हणजे ही कसोटी मुळात मुलाला चुकीच्या फैसल्यापासून वाचविण्यासाठी जन्मास आली.

१९०८ साली त्यांनी आपल्या कसोट्या वयावार लावल्या. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, दोन अंक ऐकून पुन्हा म्हणावे. मोठ्या मुलांनी विसापासून शून्यापर्यंत उलटे आकडे म्हणावे, मोड परत द्यावी, वस्तूंच्या व्याख्या कराव्या. अकरा वर्षांच्या मुलांसाठी विसंगत विधाने होती. त्यांतल्या एकात एका अभागी मुलीचे प्रेत अठरा तुकडे केलेल्या स्थितीत सापडते आणि तिने आत्महत्या केली असावी असा लोकांचा समज होतो. यात वेडगळपणा कोणता, ते मुलाने सांगावयाचे. हे ऐकून आपल्याकडच्या पालकसभेत गहजब होईल, पण पॅरिसची पोरे म्हणे हसत असत. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात, बुद्धी ही जन्मतःच ठरून गेलेली आणि कधी न वाढणारी मत्ता आहे असे मानणाऱ्या विद्वानांच्या निर्दय निराशावादाचा बिने यांनी निषेध केला, आणि मागे पडलेल्या मुलांच्या अवधानाला व स्मरणाला वळण लावण्यासाठी ‘मानसिक व्यायाम’ सुचविला. त्यात पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा एक खेळ होता, आणि तो आजही अनेक बालवाड्यांतून बाई मोठ्या हौसेने घेतात. १९११ साली, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षी, बिने वारले.

त्यांच्या पश्चात त्या कसोटीचे जे झाले ते थोडक्यात सांगितलेले बरे. १९१२ साली जर्मनीतील विल्यम श्टेर्न यांनी मुलाच्या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागावे असे सुचविले; १९१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या कसोट्यांपाशी अडला तर त्याचा बुद्ध्यंक ऐंशी, असा सुटसुटीत हिशेब जगाच्या हाती आला. त्याआधीच हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची श्रेणी अमेरिकेत नेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात बोटीतून उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांवर चालविली होती. प्रवासाने शिणलेली, भाषा न जाणणारी, दुभाष्याच्या तोंडून प्रश्न ऐकणारी माणसे मंदबुद्धी ठरली यात नवल ते काय? जो कागद तपासाचा होता, तो असा दहा-बारा वर्षांच्या आत निकालाचा झाला.

आपल्या देशात ही विद्या आली ती लाहोरच्या वाटेने; तेथे सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२ च्या सुमारास बिने-पद्धतीची हिंदुस्तानी श्रेणी तयार केली. मराठी मुलांपर्यंत मात्र ती पोहोचविली धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा त्या मुलखात नांदत होत्या, आणि कामतांनी टर्मन यांच्या आवृत्तीचा आधार घेऊन दोन्ही भाषांतील मुलांसाठी कसोट्या बसविल्या. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. नुसता भाषेचा पेहराव बदलून हे काम होण्यासारखे नव्हते. फ्रेंच मुलाला आपल्या नाण्यांची मोड विचारता येते, पण आमच्या मुलाच्या हिशेबात त्या काळी आणे आणि पै होत्या. आणि जे प्रश्न पॅरिसच्या सहा वर्षांच्या मुलांना बहुधा येतात ते येथल्या सहा वर्षांच्या मुलांनाही येतातच, असे गृहीत धरता येत नाही, ते मुलांनाच विचारून पाहावे लागते. पुढे १९६९ साली नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी डेव्हिड वेक्सलर यांच्या बालश्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. तिच्यात तोंडी उत्तरांचा एक भाग आणि हाताने करावयाच्या कृतींचा दुसरा भाग असल्यामुळे, जे मूल बोलण्यात अडखळते पण हाताने चलाख आहे, त्याची बाजू स्वतंत्रपणे नोंदली जाऊ लागली. कामत आणि मालिन ही दोन नावे आजही आपल्याकडील मानसतज्ज्ञांच्या खोल्यांतून रोज उच्चारली जातात.

त्या खोलीत नेमके घडते काय, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईवडिलांना क्वचितच कोणी सांगते. प्रथम जबानी होते ती त्यांचीच. दिवस भरले होते की नाही, बाळ जन्मल्याबरोबर रडले का, काचेच्या पेटीत ठेवावे लागले का, चालू कधी लागले, पहिला शब्द कधी काढला, आकडी आली होती का, घरी कोणती भाषा आणि शाळेत कोणती, झोप किती, घरात कोण कोण, आणि आजोबा वारले किंवा वडिलांची बदली झाली ती कोणत्या साली. हे प्रश्न चांभारचौकशा वाटतात, आणि एखादे वडील घड्याळाकडे पाहू लागतात. परंतु तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे मागे आहे असे म्हणताना त्याला ऐकू येते की नाही हेच कोणी तपासलेले नसणे, हा प्रकार दुर्मीळ नाही, आणि म्हणून जाणता परीक्षक कान व डोळे तपासून आणल्याशिवाय कसोट्यांच्या पेटीचे कुलूपच काढीत नाही. शाळेच्या वह्या मागविल्या जातात; प्रगतिपुस्तकापेक्षा वह्या अधिक खरे बोलतात. बाईंचे चार ओळींचे टिपण मिळाले तर सोन्याहून पिवळे.

मग मूल आत जाते. समजा, ते चौथीतले आहे. पहिली पाच-दहा मिनिटे परीक्षक त्याच्याशी क्रिकेटविषयी किंवा गावच्या जत्रेविषयी बोलतो, आणि हा वेळ वाया गेला असे समजू नये, कारण घाबरलेल्या मुलाची बुद्धी मोजली तर हाती भीतीच तेवढी येते. कामतांच्या श्रेणीत आरंभ मुलाच्या वयाच्या थोडा खालून करतात. ज्या वर्षाच्या सर्व कसोट्या मुलाने पार केल्या ते त्याचे पायाभूत वय धरून वर वर जातात, आणि ज्या वर्षाची एकही जमत नाही तेथे थांबतात. वेक्सलर-पद्धतीत तांबडे-पांढरे ठोकळे असतात: काही बाजू पूर्ण तांबड्या, काही पूर्ण पांढऱ्या, काही तिरप्या रेषेने अर्ध्या-अर्ध्या. कागदावरचा नमुना पाहून ठोकळ्यांनी तो जुळवावयाचा, आणि घड्याळ चालू असते. दोन मुलांनी नमुना चुकविला तर दोघांनाही शून्य. पण एकाने पहिल्याच अपयशाला ठोकळे दूर सारून “मला नाही येत” म्हटले, आणि दुसऱ्याने वेळ संपल्यावरही हात न थांबवता शेवटी नमुना जुळविलाच. परीक्षकाच्या समासातील बारीक अक्षरांत हा फरक उतरलेला असतो, आणि तो समास वाचता येणे हीच या विद्येची खरी कसोटी. आकडे ऐकून उलट क्रमाने म्हणावयास सांगितले की काही मुले डोळे मिटतात, काही बोटांनी टेबलावर लिहितात; जे मूल पाढे घोकून म्हणते पण चार आकडे उलटे म्हणताना दुसऱ्यालाच विसरते, त्याला वर्गात एका दमात तीन सूचना देणाऱ्या बाई काय म्हणाल्या ते का कळत नाही, याचा उलगडा येथे होऊ लागतो.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका मिळते का, अशी विचारणा करणारे पालकही असतात. क्लासच्या संस्कृतीत वाढलेल्या समाजाने दुसरे काय विचारावे! मात्र घोटून घेतलेल्या कसोटीने मुलाचा नव्हे, घोटून घेणाऱ्याचा हिशेब लागतो, आणि जी मदत मुलाला मिळावयाची ती बुडते.

आता त्या अंकाविषयी. वेक्सलर-पद्धतीत सरासरी शंभर धरलेली असते आणि प्रमाण विचलन पंधरा, त्यामुळे शंभरांपैकी साधारण अडुसष्ट मुले पंच्याऐंशी ते एकशेपंधरा यांच्या दरम्यान येतात, आणि सत्तरच्या खाली दोन-तीनच. कोणताही मिळालेला अंक चार-पाच गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून चौऱ्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी अंकांच्या दोन भावंडांत थोरले-धाकटे करणे हा शुद्ध अडाणीपणा होय. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्ध्यंकाची सरासरी सुमारे चौदा गुणांनी वर सरकली होती, म्हणजे दर दशकास जवळजवळ तीन गुण. यावरून माणसे शहाणी झाली की नाही हा वाद तूर्त बाजूस ठेवू. व्यवहारातला मुद्दा असा की जुन्या पिढीच्या मानकांवर आजचे मूल मोजले तर अंक फुगतो, आणि ज्याला खरोखर साहाय्याची गरज आहे ते मूल कागदोपत्री ‘ठीक’ ठरून परत पाठविले जाते. कित्येक दशकांपूर्वीची मानके आपण अद्याप वापरतो, याबद्दल मला तरी या क्षेत्रातील धुरीणांचे कौतुक करवत नाही.

सरकारदरबारी या परीक्षणाच्या कागदाला वजन आले ते मुख्यतः अध्ययन-अक्षमतेच्या निमित्ताने. बुद्धी व्यवस्थित, तोंडी उत्तरे तडफदार, पण वाचताना घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल, जोडाक्षरापाशी गाडी अडलेली, लिहिताना वेलांट्या कोठच्या कोठे: अशा मुलांना पूर्वी ‘ढ’ किंवा ‘आळशी’ यांपैकी एक पदवी मिळे. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मंजूर केल्या. अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, गणिताऐवजी किंवा दुसऱ्या भाषेऐवजी अन्य विषय, अशा त्या होत. मुंबईत त्यासाठीचे दाखले देण्याचे काम सायन, नायर आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांकडे आले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले आणि त्यांत या अक्षमतेचाही समावेश झाला. सवलत म्हणजे उपचार नव्हे, हे मात्र पुष्कळ पालकांच्या गळी उतरत नाही. दाखला हाती पडताच उपचारात्मक अध्यापनाचा तास बंद होतो, आणि मूल अधिक वेळ मिळवून तेच न वाचता येणारे उतारे अधिक वेळ पाहत बसते.

बालमार्गदर्शनाचे पहिले केंद्र आपल्याकडे १९३७ साली मुंबईत, सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या विद्यमाने निघाले. मुलाला तपासावयाचे तर त्याच्या घराशीही संबंध ठेवावा लागतो, ही जाणीव त्या काळापासूनची आहे. परंतु घराला उपदेश करणे निराळे आणि घराच्या हाती साधन देणे निराळे. या दुसऱ्या कामाचे शास्त्र अमेरिकेतील ओरेगन राज्यात जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून, मिनिटामिनिटाची नोंद ठेवून रचले. त्यांना जे दिसले ते आपल्या जेवणाच्या पाटावरही रोज दिसते. मुलगा मोबाइल मागतो, आई नाही म्हणते, मुलगा रडतो, आई आवाज चढविते, मुलगा ताट लोटतो, आई, “घे बाबा एकदाचा, पण जेव,” म्हणून मोबाइल देते. घरात शांतता होते. या व्यवहारात दोघांनाही नफा झाला आहे: मुलाला मोबाइल मिळाला आणि आईची कटकट मिटली, म्हणून उद्या दोघेही हाच मार्ग धरतील, फक्त ताट जरा अधिक लवकर लोटले जाईल. यात मूल खोडकर आणि आई दुबळी, असा निवाडा देण्याचे काही कारण नाही. दोघे मिळून एका चक्रात सापडली आहेत, आणि ते चक्र तोडावयाचे तर ज्याचे वय अधिक त्याच्यापासून आरंभ केला पाहिजे.

त्याच ओरेगनमध्ये १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी जी पद्धत बसविली, तिच्यात आई किंवा वडील मुलाबरोबर खेळत बसतात, चिकित्सक आरशासारख्या काचेपलीकडून पाहत असतो, आणि पालकाच्या कानातील यंत्रातून हळूच सूचना देतो. पहिल्या टप्प्यात पालकाने हुकूम द्यावयाचा नाही, प्रश्न विचारावयाचा नाही, चूक काढावयाची नाही. मूल काय करीत आहे ते नुसते बोलून दाखवावयाचे, आणि नेमके जे आवडले त्याचे नाव घेऊन शाबासकी द्यावयाची. “छान” एवढे पुरेसे नाही, “निळा ठोकळा किती सावकाश ठेवलास!” असे म्हणावयाचे. घरी रोज पाच मिनिटे हेच. वाचायला हे पोरखेळासारखे वाटते, पण प्रत्यक्ष बसून पाहावे: मराठी मध्यमवर्गीय बापाला “हा कोणता रंग? सांग बरे!” असे विचारल्यावाचून पाच मिनिटे मुलाशेजारी बसणे किती जड जाते ते कळेल. शिस्तीचा भाग नंतर येतो, आणि तो कमी बोलण्याचा असतो: एक आज्ञा, स्पष्ट, एकदाच, आणि ती पाळली न गेल्यास आधी सांगून ठेवलेला परिणाम, न ओरडता. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही बैठकीस बोलवावे लागते, नाहीतर आईने नाकारलेला मोबाइल आजोबांच्या उशीखालून निघतो.

भीतीचा उपचार याहून जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी, सशाला आणि पांढऱ्या केसाळ वस्तूंना भिणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या एका मुलासमोर, तो आवडीचा खाऊ खात असताना, पिंजऱ्यातील ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला, आणि अखेर त्याने सशाला कुरवाळले. शाळेत जाण्याच्या, फळ्यापुढे उभे राहण्याच्या किंवा कुत्र्याच्या भीतीवर आजही तत्त्वतः हेच केले जाते: पायऱ्या पाडावयाच्या, आणि खालच्या पायरीवर धडधड कमी झाल्याखेरीज वरची चढावयाची नाही. उलट, भीती वाटते म्हणून मुलाला दर वेळी घरी ठेवले की त्या दिवसापुरते सर्वांना बरे वाटते आणि भीतीचे मुद्दल मात्र वाढत जाते.

तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर प्रकरण निराळे होते. लहान मुलाला आईवडील आणतात. मोठ्याला ते ओढून आणतात, आणि तो खुर्चीत तोंड फिरवून बसतो. या वयातील खिन्नता रडण्यापेक्षा चिडचिडीच्या रूपाने अधिक दिसते, त्यामुळे ती उद्धटपणात जमा होते. पूर्वी आवडणारा खेळ सुटणे, झोप व भूक बिघडणे, मित्रांचे फोन न घेणे, आणि हे दोन आठवडे किंवा अधिक टिकणे, ही चिन्हे ध्यानात ठेवावी. मरणाविषयी विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसता विचार शिरतो, हा समज खोटा आहे. सरळ, शांतपणे विचारावे. केंद्र शासनाने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.

समुपदेशकाने पहिल्याच भेटीत, मुलगा किंवा मुलगी व पालक अशा सर्वांना समोर बसवून, करार करावयाचा असतो, तो असा: येथे बोललेले येथेच राहील. अपवाद तेवढे आत्ताच सांगून ठेवतो. जिवाला धोका दिसला तर पालकांना सांगेन. कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे मला भाग आहे. पालकांना काय सांगणार ते आधी तुला दाखवीन. आणि वडिलांनी संध्याकाळी फोन करून “आमच्याबद्दल काय म्हणाला?” असे विचारले, तर तो फोन आल्याचेही तुला कळेल. हे ऐकताना बहुतेक वडील जागच्या जागी चुळबुळतात. अशा समुपदेशकाची फी देण्यापूर्वी त्याची पात्रताही विचारून घ्यावी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणाराची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि नोंदणीचा क्रमांक विचारल्याचा राग सरळ माणसाला येत नाही.